एकही खिळा नसलेली चप्पल आणि सत्तावीस सेकंद: छोट्या ब्रँडसाठी व्हिडिओ कसा करावा

छोट्या ब्रँडसाठी समाजमाध्यमांवरचा व्हिडिओ करायला निघालेला माणूस बहुधा थेट फोन हातात घेऊन सुरुवात करतो. दिसेल ते टिपत जातो, संध्याकाळी चाळीस क्लिप घेऊन बसतो आणि मग यातून काय सांगायचे आहे याचा विचार करू लागतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण जे सांगायचे होते त्याचे चित्रीकरणच झालेले नसते. संकलन, म्हणजे ज्याला आपण सर्रास एडिटिंग म्हणतो ते, कितीही कौशल्याने केले तरी न टिपलेले दृश्य त्यातून निर्माण करता येत नाही. म्हणून या लेखात चित्रीकरणाआधी काय ठरवावे यावर मी बराच भर दिला आहे.

कोल्हापुरी चपला हाताने बनवणाऱ्या एका कुटुंबासाठी मी गेली काही वर्षे असे व्हिडिओ करतो आहे. पुढची बहुतेक उदाहरणे त्याच कामातली आहेत. मसाले, पैठणी, लाकडी खेळणी किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांना चपलेच्या जागी आपली वस्तू ठेवून हे सारे जसेच्या तसे वापरता येईल. महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. गेल्या चार-पाच वर्षांतला मध्यम किमतीचा फोन, तीन पायांचा साधा स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक एवढे साहित्य पुरेसे आहे.

आधी एक वाक्य लिहावे

व्हिडिओ पाहून झाल्यावर प्रेक्षकाने शेजारच्या माणसाला काय सांगावे अशी आपली इच्छा आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहून काढावे. ‘आमच्या चपला दर्जेदार, टिकाऊ, आरामदायी आणि परंपरेचा वारसा जपणाऱ्या आहेत’ हे वाक्य चालणार नाही. ते कोणत्याही दुकानाला लावता येते आणि त्यातला एकही शब्द कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. आम्ही पहिल्या व्हिडिओसाठी निवडलेले वाक्य असे होते: ‘या चपलेत एकही खिळा नाही.’ पारंपरिक कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीने, म्हणजे बारीक पट्टीने, शिवतात, हे पुष्कळ लोकांना माहीत नसते. शिवाय हे वाक्य डोळ्यांना पटवून देता येते, कारण चप्पल उलटी केली की तळाची शिवण समोर दिसते.

असे वाक्य सापडायला वेळ लागतो आणि तो वेळ कारखान्यात बसूनच द्यावा लागतो. मी पहिला संपूर्ण दिवस फोन खिशात ठेवून कारागिरांच्या शेजारी बसलो होतो. कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, पट्ट्यावरची वेणी हाताने विणतात, कडा रापीने (चामडे कापण्याच्या धारदार हत्याराने) कापतात, नवी चप्पल चालताना करकर वाजते, अशी प्रत्येक गोष्ट म्हणजे एका स्वतंत्र व्हिडिओचे वाक्य आहे. ती सगळी एकाच व्हिडिओत कोंबण्याचा मोह मालकांना हमखास होतो, कारण त्यांना आपल्या कामाचा अभिमान असतो. तो अभिमान योग्यच आहे, पण प्रेक्षक एका वेळी एकच गोष्ट घेऊन जातो. उरलेल्या वाक्यांची यादी मालकांच्या हातात द्यावी आणि त्यांचे व्हिडिओ पुढच्या आठवड्यांत येतील असे सांगावे. मालकांचे समाधान होते आणि आपलेही पुढचे दोन महिन्यांचे काम ठरून जाते.

वाक्य खरे आहे याची खात्री मात्र स्वतः करून घ्यावी. त्याच कारखान्यात काही स्वस्त जोडांच्या टाचेला खिळे होते, म्हणून आम्ही व्हिडिओत ‘आमच्या चपलांत’ असे न म्हणता ‘या चपलेत’ असे म्हटले आणि तोच जोड कॅमेऱ्यासमोर उलटा करून दाखवला. ‘अस्सल कोल्हापुरी’ हे शब्द वापरतानाही हीच काळजी घ्यावी लागते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या उत्पादनालाच ते नाव वापरू देणारी कायदेशीर ओळख, म्हणजे जीआय) मिळालेले असून ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर अशा आठ जिल्ह्यांपुरते आहे. दुसरीकडे कुठे यंत्रावर तयार झालेल्या रेक्झिनच्या चपलेला व्हिडिओत ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणणे ही ग्राहकाची आणि कारागिराची, दोघांचीही फसवणूक आहे. असे काम आले तर मी ते घेत नाही.

मालकांशी काय बोलून घ्यावे

चित्रीकरणाआधी एका पानावर चार गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. व्हिडिओचे वाक्य कोणते, तो कुठे कुठे प्रसिद्ध होणार, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या होणार आणि मूळ क्लिप कोणाकडे राहणार, या त्या चार गोष्टी. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या पुरेशा असतात. हे आधी ठरले नाही, तर मालकांचे मेहुणे, पुतणे आणि शेजारचे दुकानदार एकेक सूचना देत राहतात आणि व्हिडिओ महिनाभर लांबतो. निम्मे मानधन आगाऊ घ्यावे. ओळखीतल्या कामातही घ्यावे, त्यामुळे संबंध अधिक स्वच्छ राहतात.

पाचवी गोष्ट कागदावर नसली तरी मनात पक्की हवी. ज्यांचे हात आपण दाखवणार, त्यांची परवानगी मालकांकडून न घेता त्यांच्याकडूनच घ्यावी आणि त्यांची इच्छा असेल तर व्हिडिओत त्यांचे नाव लिहावे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या तेव्हा आपल्याकडे जी नाराजी उमटली, तिचे मुख्य कारण कारागिरांचा आणि परंपरेचा उल्लेख नव्हता हे होते. पुढे कंपनीने ती प्रेरणा मान्य केली. आपण स्वतः व्हिडिओ करताना नुसते हात दाखवून माणसाचा चेहरा आणि नाव गाळले, तर तीच चूक लहान प्रमाणात आपल्याकडूनही होते.

प्रकाश, आणि ट्यूबलाइटची फडफड

कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात चित्रीकरण करणाऱ्यांना हमखास येणारी अडचण म्हणजे चित्रावरून सरकणारे काळसर पट्टे किंवा चित्राची फडफड. माझ्या सुरुवातीच्या एका कामात सबंध दिवसाचे चित्रीकरण या एका कारणाने वाया गेले, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर पट्टे नीट दिसले नव्हते आणि संगणकावर पाहिल्यावरच लक्षात आले. कारण समजून घेतले की उपाय सोपा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होतात. डोळ्याला ते जाणवत नाही. फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, त्या लयीचा या लयीशी मेळ बसत नाही आणि प्रत्येक चित्रात प्रकाश कमी-जास्त उमटतो. फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये जाऊन सेकंदाला २५ चित्रे आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की फडफड थांबते. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट’ दाखवण्याचा पर्याय सुरू केला की २५ चित्रांचा वेग उपलब्ध होतो. कोणत्याही नव्या जागी गेल्यावर आधी दहा सेकंदांची चाचणी घ्यावी आणि ती पडदा पूर्ण उजळ करून पाहावी.

याहून चांगला उपाय म्हणजे दिवे बंद करून दाराशी बसणे. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान दारातून येणारा, पण थेट उन्हाचा नसलेला प्रकाश चामड्यासाठी फार सुरेख असतो. कारागिराला दाराकडे तोंड करून न बसवता दार त्यांच्या एका बाजूला येईल असे बसवावे. आडव्या प्रकाशात चामड्याचा पोत, वेणीचा उठाव आणि वादीचा प्रत्येक टाका उठून दिसतो. दुसरी बाजू फारच काळोखी वाटली तर तिकडे थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करावा, तेवढा परावर्तित उजेड पुरतो.

रंगाच्या बाबतीत ब्रँडसाठी काम करणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. दाराचा प्रकाश निळसर आणि जुन्या बल्बचा पिवळसर. दोन्ही एकत्र आले की फोन क्षणोक्षणी रंग बदलत राहतो आणि तीच चप्पल एका शॉटमध्ये मधाच्या रंगाची, तर दुसऱ्यात विटकरी दिसते. ग्राहक व्हिडिओतला रंग पाहून मागणी नोंदवतो. हातात आलेली चप्पल वेगळ्या रंगाची निघाली, तर तो ती परत पाठवतो आणि नुकसान मालकांचे होते. म्हणून एकाच प्रकारचा प्रकाश ठेवावा, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) हाताने ठरवून तो बदलू देऊ नये आणि प्रत्येक जागी पहिल्या क्लिपमध्ये चपलेशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून तो टिपावा. संकलनाच्या वेळी तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग दुरुस्त करता येतो आणि बाकीच्या क्लिपना तीच दुरुस्ती लावता येते. फोनमधले एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला तपशील वाढवणारे) चित्रीकरण बंद ठेवावे. काही अ‍ॅप ते नीट हाताळत नाहीत आणि अपलोड केल्यावर चित्र एकाएकी भगभगीत किंवा फिकट दिसते.

फोन उभा धरावा, चित्र ९:१६ या प्रमाणाचे असावे आणि शक्य असल्यास चित्रीकरण ४के मध्ये करावे. शेवटी व्हिडिओ १०८० बाय १९२० एवढाच लागतो, पण ४के चे चित्र त्याच्या दुप्पट मोठे असल्याने संकलनात जवळचे दृश्य हवे असेल तर दर्जा न घालवता कापता येते. चित्रीकरणापूर्वी मऊ कापडाने लेन्स पुसावी. चामड्याचे तेल लागलेल्या बोटांनी फोन हाताळला जातो आणि सगळी दृश्ये धुरकट येतात. ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाणारी गोष्ट आहे.

प्रत्येक क्रिया तीन अंतरांवरून घ्यावी: संपूर्ण माणूस आणि जागा, कमरेपासून हातांपर्यंत, आणि अगदी जवळून केवळ बोटे आणि हत्यार. क्रिया सुरू होण्याआधी तीन सेकंद आणि संपल्यानंतर तीन सेकंद कॅमेरा तसाच चालू ठेवावा. कारागिरांना आपले काम थांबवायला किंवा पुन्हा करून दाखवायला शक्यतो सांगू नये. दिवसाला ते अनेक जोड करतात. आरी (चामड्याला छिद्र पाडण्याचे टोकदार हत्यार) मारण्याची तीच क्रिया थोड्या वेळाने पुन्हा येणारच असते, तेव्हा आपणच जागा बदलून थांबावे. हात सहज चालत असतील तर चित्रातही ते सहज दिसतात.

आवाज

प्रेक्षक थोडे अंधुक चित्र सहन करतो, पण कर्कश आवाज आला की लगेच पुढे सरकतो. पंखा बंद करावा, रस्त्याकडची खिडकी लावावी आणि बोलणाऱ्याच्या कॉलरला माइक लावावा. कारागिराचे बोलणे आणि कामाचे आवाज वेगवेगळे टिपावेत. बोलण्यासाठी त्यांना गाद्या-गोधड्या असलेल्या आतल्या खोलीत बसवले तर घुमणारा आवाज शोषला जातो आणि बोलणे स्वच्छ येते. कामाचे आवाज टिपताना फोन हत्याराच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर धरावा: आरी चामड्यात घुसतानाचा दबका आवाज, वादी ओढल्याचा सर्रकन येणारा आवाज, हातोडीचे ठोके, आणि नव्या चपलेची दगडी फरशीवरची करकर. कोल्हापुरीच्या व्हिडिओत ही करकर कोणत्याही संगीतापेक्षा जास्त बोलते. ज्याच्या घरात आजोबांनी ती घातली आहे, त्याचा अंगठा पडद्यावर तिथेच थांबतो.

प्रश्न विचारताना ‘खिळे का वापरत नाही?’ असे विचारल्यास ‘फाटतंय म्हणून’ एवढेच उत्तर मिळते आणि प्रश्न कापल्यावर त्याला अर्थ उरत नाही. उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे अशी विनंती आधीच करावी. आम्हाला मिळालेले वाक्य असे होते: ‘खिळा मारला की चामडं तिथनं फाटतंय. वादी कशी, चामड्यासंगं चालतीया.’ ते प्रमाण मराठीत पुन्हा बोलवून घ्यावे असे मालकांच्या मुलाचे मत होते. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. त्या बोलीतच त्या माणसाचे गाव, वय आणि हाताखालून गेलेली कामे ऐकू येतात. मजकूर पडद्यावर लिहितानाही ते बोलले तसेच लिहावे.

संकलन: सत्तावीस सेकंद कसे भरावेत

इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ पासून तीन मिनिटांपर्यंतच्या रील्स स्वीकारायला सुरुवात केली आणि यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची आहे. मर्यादा वाढली म्हणून व्हिडिओ लांबवू नये. एका वाक्याचा व्हिडिओ वीस ते पस्तीस सेकंदांत बसतो. फोनवर काम करायचे असेल तर व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर किंवा इन्स्टाग्रामचे स्वतःचे एडिट्स हे अ‍ॅप पुरते. संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे. एकच अ‍ॅप निवडून त्यावर हात बसवावा.

क्लिप एका फोनवरून दुसऱ्याकडे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात, अन्यथा त्या दाबून लहान केल्या जातात आणि दर्जा परत मिळत नाही.

पहिली जुळणी संगीताशिवाय, अक्षरांशिवाय आणि कोणत्याही सजावटीशिवाय करावी. आमच्या व्हिडिओची रचना अशी झाली. पहिली दोन सेकंदे: अगदी जवळून आरी तळात घुसते, दुसरे काहीच नाही, नाव नाही, लोगो नाही. पुढची तीन सेकंदे: त्या छिद्रातून वादी येते आणि दोन्ही हातांनी ओढली जाते. तीन सेकंदे कारागिरांचा चेहरा आणि त्यांचे नाव. तीन सेकंदे रापीने कडा कापणे, तीन सेकंदे हातोडीचे ठोके. मग पाच सेकंदे चप्पल उलटी होते आणि कॅमेरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत सावकाश सरकतो. याच ठिकाणी ‘एकही खिळा नाही’ हे शब्द येतात. चार सेकंदे पायात घातलेली चप्पल फरशीवरून करकरत जाते. शेवटच्या चार सेकंदांत ब्रँडचे नाव, जोडाची किंमत आणि मागणीसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक. एकूण सत्तावीस सेकंदे.

यातले पाच सेकंदांचे दृश्य मालकांना फार लांब वाटले होते आणि त्यांनी ते दोन सेकंदांवर आणायला सांगितले. मी त्यांना समजावले की सबंध व्हिडिओ ज्या वाक्यासाठी केला, ते प्रेक्षकाच्या डोळ्याने तपासून पाहण्याची हीच जागा आहे. आधीची दृश्ये झटपट सरकतात ती इथे थांबता यावे म्हणूनच. सर्व दृश्ये सारख्याच लांबीची कापली की व्हिडिओ यंत्रासारखा वाटतो आणि महत्त्वाचे काय हे कळत नाही.

दृश्य हालचालीच्या मध्यावर कापावे. दूरच्या शॉटमध्ये हातोडी वर जाते आणि जवळच्या शॉटमध्ये खाली येते, असे जोडले की सांधा दिसत नाही. पुढच्या दृश्याचा आवाज अर्धा सेकंद आधी ऐकू येऊ द्यावा: चेहरा अजून पडद्यावर असतानाच हातोडीचा पहिला ठोका ऐकू आला, तर प्रेक्षक पुढच्या दृश्यात ओढला जातो. वितळणारी, फिरणारी, उलगडणारी संक्रमणे अ‍ॅपमध्ये डझनांनी असतात. हाताच्या कामाच्या व्हिडिओत त्यांपैकी एकही वापरू नये, कारण ती कारागिराच्या हालचालीवर मात करतात. रंगाच्या तयार फिल्टरबाबतही माझे मत हेच आहे. पांढऱ्या कागदाच्या आधारे रंग खरा केला की तिथे थांबावे.

जुळणी झाल्यावर आवाज पूर्ण बंद करून एकदा पाहावी आणि नंतर डोळे मिटून एकदा ऐकावी. दोन्ही वेळा आशय कळला पाहिजे. पुष्कळ लोक बसमध्ये, कार्यालयात आवाज बंद ठेवून पाहतात आणि पुष्कळ जण पोळ्या लाटताना फोन बाजूला ठेवून नुसते ऐकतात.

देवनागरी अक्षरांची निगा

पडद्यावरची मराठी अक्षरे हा मराठी व्हिडिओंमधला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि ब्रँडची पत इथे सर्वांत लवकर जाते. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरे तुटतात: ‘चप्पल’मधला प पाय मोडून वेगळा उभा राहतो, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, आणि ‘दुसऱ्या’, ‘कारागिरांच्या’ यांतली जोडणी विस्कटते. म्हणून प्रत्येक नव्या अ‍ॅपमध्ये आणि फाँटमध्ये ‘दुसऱ्या कारागिराची वैशिष्ट्यपूर्ण चप्पल’ यासारखे एक कठीण वाक्य टंकून पाहावे आणि ते शुद्ध उमटले तरच तो फाँट निवडावा. जुने, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर अक्षरे सारखी ओळखली जाण्याची पद्धत) नसलेले फाँट वापरूच नयेत. ‘मुक्त’ (Mukta), ‘बलू’ (Baloo) आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत मिळणारे फाँट वाचायला सोपे आहेत. यांतले पहिले दोन मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवले आहेत. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. फाँटमध्ये मराठी वळण उपलब्ध असेल तर तेच घ्यावे, वाचकाला आपलेपणा जाणवतो.

इंग्रजी मजकुराला शोभणाऱ्या काही गोष्टी देवनागरीला चालत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधले अंतर कमी केले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. तेव्हा अक्षरांतले अंतर शून्यावर ठेवावे आणि ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त द्यावे. एका वेळी पाच-सहा शब्द, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि मोठ्याने एकदा वाचायला लागेल त्याहून थोडा अधिक वेळ, एवढा नियम पाळावा. अ‍ॅपने आपोआप लिहून दिलेला मजकूर ओळ न् ओळ तपासावा. आमच्या ‘वादी’ची एकदा ‘व्याधी’ झाली होती.

मजकूर पडद्याच्या मधल्या भागात ठेवावा. खालच्या भागावर खात्याचे नाव आणि वर्णन येते आणि उजव्या कडेला बटणे येतात, त्यामुळे तिथे लिहिलेली किंमत किंवा फोन क्रमांक झाकला जातो. मुखचित्र निवडताना इन्स्टाग्रामच्या पानावर ते वरून-खालून कापले जाते हे लक्षात घेऊन चप्पल आणि शब्द मध्यभागी ठेवावेत.

संगीत आणि नियम

लोकप्रिय चित्रपटगीत लावण्याचा आग्रह प्रत्येक मालक धरतो. वैयक्तिक खात्यावर उपलब्ध असलेली गाणी व्यावसायिक वापरासाठी असतातच असे नाही. ब्रँडच्या खात्यावर असे गाणे लावल्यास व्हिडिओचा आवाज बंद केला जाऊ शकतो किंवा हक्कधारक दावा करू शकतो. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाचे साउंड कलेक्शन आणि यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी यांतले संगीत प्रत्येकाच्या अटी वाचून, त्या त्या मंचासाठी वापरावे. आम्ही एका व्हिडिओसाठी गावातल्या हलगीवादकाला मानधन देऊन तीन मिनिटांचे वादन टिपले आणि वापराची लेखी परवानगी घेतली. ते वादन आता त्या ब्रँडची ओळख झाले आहे. संगीत बोलण्याखाली इतके हळू ठेवावे की प्रत्येक शब्द फोनच्या लहान स्पीकरवरही स्पष्ट ऐकू येईल.

एखाद्या लोकप्रिय व्यक्तीला पैसे देऊन किंवा फुकट जोड देऊन व्हिडिओ करवून घेतला असेल, तर ती जाहिरात आहे असे व्हिडिओतच ठळकपणे सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबतची मार्गदर्शक सूचनापत्रे काढली आहेत. हॅशटॅगच्या गर्दीत ‘जाहिरात’ हा शब्द लपवणे पुरेसे नाही.

प्रसिद्ध करणे आणि नंतर पाहणे

निर्यात, म्हणजे अ‍ॅपमधून तयार व्हिडिओची फाइल काढणे, एमपी४ मध्ये, एच.२६४ या प्रकारात, १०८० बाय १९२० आणि चित्रीकरणाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांनी करावी. एका मंचावरून उतरवून घेतलेला, त्या मंचाची खूण असलेला व्हिडिओ दुसरीकडे टाकू नये. मूळ फाइलच प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे टाकावी. वर्णनाच्या पहिल्या ओळीत व्हिडिओचे तेच एक वाक्य लिहावे आणि प्रेक्षकाला एकच कृती सांगावी. आम्ही ‘पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असे लिहितो. त्यामुळे मापाच्या चुकीने परत येणारे जोड कमी झाले, हा मालकांच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ ठरला.

व्हिडिओ किती जणांनी पाहिला या आकड्यावर मालकांचे लक्ष असते. आपले लक्ष प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून जातात हे दाखवणाऱ्या आलेखावर असावे. आमच्या दुसऱ्या व्हिडिओत सहाव्या सेकंदाला उतार एकदम तीव्र झाला होता. तिथे मालकांच्या इच्छेखातर फिरणारा लोगो घातला होता. तो आलेख त्यांना दाखवल्यावर लोगो शेवटी नेण्यास त्यांनी लगेच संमती दिली. व्हिडिओ किती जणांनी जपून ठेवला, किती जणांनी दुसऱ्याला पाठवला आणि त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर किती चौकशा आल्या, हे तीन आकडे एका वहीत तारखेनुसार लिहून ठेवावेत.

टिप्पण्यांना मालकांनी स्वतः उत्तरे द्यावीत आणि त्यांतले प्रश्न आपण टिपून घ्यावेत. खिळ्याच्या व्हिडिओखाली सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘पावसात घातली तर काय होईल?’ पुढच्या व्हिडिओचे वाक्य आयते मिळाले. कमावलेले चामडे भिजले की फुगते आणि उन्हात ठेवले की तडकते. म्हणून भिजलेला जोड सावलीत वाळवून त्याला तेलाचा हात कसा फिरवावा, हे कारागिरांनी जुन्या जोडावर करून दाखवले. ते चित्रीकरण आम्ही मे महिन्यातच उरकले, कारण जूनमध्ये कारखान्याच्या दारातला तो सकाळचा प्रकाश मिळत नाही, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी व्हिडिओ प्रसिद्ध केला.